सोयाबीनच्या एका मंडळातून संख्याशास्त्राची ओळख

दहावीत मध्य, मध्यक, बहुलक शिकून झालेले असतात, त्यांचे गुणही पदरात पडलेले असतात. तरी ‘मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या वर, म्हणून विमा नाही’ अशी बातमी वाचली की पुस्तकातल्या त्या गणितांचा हिच्याशी काय संबंध, हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून इथे चेंडू, फासे आणि पत्त्यांचा कॅट बाजूला ठेवून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: पीक कापणी प्रयोग. पहिल्या सहामाहीच्या अभ्यासक्रमातलं जवळजवळ सगळं त्यात येतं, शिवाय त्या गणितावर लोकांचे पैसे ठरतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळायचा, ते २०२५ च्या खरिपापासून बंद झालं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर आली: ते ठरलेल्या पातळीच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, खाली गेलं तरच पैसे. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, काही ठिकाणी ठरावीक मापाचा प्लॉट आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या मंडळाचं हेक्टरी उत्पादन सांगायचं, असा हा प्रकार. सोयाबीनसारख्या काही पिकांत उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वजन दिलं जातं, पण तो फाटा आज नको.

पुढचे उत्पादनाचे आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून बनवलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. कागद, पेन आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर जवळ घ्या. नुसतं वाचलंत तर चौथ्या पायरीपर्यंत सगळं समजल्यासारखं वाटेल आणि पाचवीला अडखळाल.

पायरी १: कोणाबद्दल बोलतोय ते आधी ठरवा

ज्या सगळ्याबद्दल आपल्याला काही सांगायचं आहे ती समष्टी. इथे समष्टी म्हणजे ‘शेतकरी’ नव्हे, ‘सोयाबीन’ही नव्हे, या हंगामात या मंडळात सोयाबीन पेरलेलं सगळं क्षेत्र. असं काटेकोर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अर्धी भांडणं समष्टी वेगवेगळी धरल्यामुळे होतात: एकजण तालुक्याबद्दल बोलत असतो, दुसरा आपल्या बांधाबद्दल.

मोजमाप ज्याचं करतो ते एकक, म्हणजे इथे एक प्लॉट. मोजतो ती गोष्ट म्हणजे चल. प्लॉटमधल्या दाण्याचं वजन हे संख्यात्मक चल. वाण कोणतं, ओलित की कोरडवाहू, हे गुणात्मक. गुणात्मक चलाची सरासरी निघत नाही. तक्त्यात कोरडवाहूला १ आणि ओलिताला २ लिहिलं म्हणून त्यांची सरासरी १.४ काढून अहवालात टाकणारे महाभाग भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

समष्टीचा खरा आकडा, म्हणजे मंडळातलं खरोखरचं हेक्टरी उत्पादन, याला प्राचल म्हणतात. तो आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतो तो नमुन्यावरून काढलेला अंदाज. या दोघांतलं अंतर किती असू शकतं, याचा हिशेब म्हणजेच या विषयाचा गाभा.

पायरी २: नमुना

प्रत्येकाला मोजायचं ठरवलं तर ती जनगणना. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली, ती घरोघरी जाऊन. सोयाबीनचा दाणान् दाणा असा मोजता येणार नाही, म्हणून नमुना.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात सगळीकडे जवळपास सारखाच शिजतो. मंडळ तसं नसतं. नदीकाठची काळी जमीन, माळावरची मुरमाड, कुठे तुषार सिंचन, कुठे नुसता पाऊस. अशा ठिकाणी कोणतं शीत उचलायचं हे माणसाच्या मर्जीवर सोडलं की परीक्षा फसते. रस्त्यालगतचं शेत सोयीचं म्हणून निवडलं जातं, पाटलांचं शेत मान राखायचा म्हणून, पडलेलं शेत दया आली म्हणून. यात कोणाचा हेतू वाईट असतोच असं नाही, अंदाज मात्र कलतो.

यावरचा उपाय यादृच्छिक निवड. यादृच्छिक म्हणजे ‘कसंही, मनाला येईल तसं’ नव्हे. प्रत्येक एककाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी आहे आणि निवड चिठ्ठी किंवा यादृच्छिक संख्यांचा तक्ता करतो, असा त्याचा अर्थ. पीक कापणीत हे टप्प्याटप्प्याने होतं: आधी गावं, मग गावातले गट क्रमांक, मग शेतातली जागा.

शेवटचा टप्पा जवळून बघण्यासारखा आहे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. तिथून लांबीच्या आणि रुंदीच्या बाजूने पावलं मोजायची, प्लॉट शेताबाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या मापाइतकी पावलं वजा करायची, उरलेल्या मर्यादेत बसणारी यादृच्छिक संख्यांची जोडी घ्यायची. समजा ती ३७ आणि १२ आली. मग लांबीकडे ३७ पावलं, तिथून आत १२ पावलं आणि तिथे पहिली खुंटी. तिथून दोरीने १० मीटर बाय ५ मीटरचा आयत. आता तिथे तण माजलेलं असो की पीक डोलत असो, खुंटी हलवायची नाही. ‘इथे पीक फारच विरळ आहे, दोन पावलं पुढे घेऊ’ असं कोणी म्हणालं की यादृच्छिकता तिथेच संपली.

पायरी ३: मध्यभागी काय आहे

समजा पाच गावांतून प्रत्येकी दोन असे दहा प्लॉट कापले. वाळलेल्या दाण्याचं वजन किलोत असं आलं:

६.०, ५.५, ७.०, ६.५, १.०, ६.०, ७.५, ५.०, ६.५, ६.०

पाचवा प्लॉट नाल्याकाठी होता, पाणी साचून पीक गेलं.

बेरीज ५७, म्हणून मध्य, म्हणजे रोजच्या भाषेतली सरासरी, ५.७ किलो. प्लॉट ५० चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून २०० ने गुणा: हेक्टरी १,१४० किलो.

आता आकडे चढत्या क्रमाने मांडा: १.०, ५.०, ५.५, ६.०, ६.०, ६.०, ६.५, ६.५, ७.०, ७.५. पाचवा आणि सहावा आकडा ६.०, त्यामुळे मध्यक ६.०. सर्वांत जास्त वेळा आलेलाही ६.०, तो बहुलक. बहुलकाचं इथे फारसं काम नाही. चपलांच्या दुकानात कोणत्या मापाचा माल जास्त भरायचा, अशा प्रश्नांना तो उपयोगी.

मध्य आणि मध्यक यांत फरक पडला तो नाल्याकाठच्या एका प्लॉटमुळे. तो वगळला तर उरलेल्या नऊंचा मध्य ६.२ च्या आसपास जातो, मध्यक मात्र ६.० वरच राहतो. टोकाचा आकडा मध्याला ओढतो, मध्यकाला सहसा हलवत नाही. म्हणून पगार, जमिनीचे भाव, रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या गोष्टींत मध्यक मागा.

मग विम्यात मध्यक का वापरत नाहीत? कारण मंडळात एकूण किती माल झाला हे कळायला मध्यच लागतो. मध्य गुणिले क्षेत्र म्हणजे एकूण उत्पादन. मध्यकाला क्षेत्राने गुणून काहीच हाती लागत नाही. दोन्हींपैकी ‘चांगलं’ कोणतं हा प्रश्न चुकीचा आहे. कशासाठी हवं, ते विचारा.

आणि तो १.० चा प्लॉट गाळायचा का? वजन करताना काटा बिघडला होता असं निघालं तर जरूर गाळा. पीक खरंच बुडालं असेल तर तो आकडा मंडळाचाच भाग आहे, ठेवावाच लागेल. नकोसा आकडा गाळायला कारण लागतं. तो नकोसा आहे, हे कारण नव्हे.

पायरी ४: पसारा

दोन मंडळांची सरासरी ५.७ असू शकते. एकात सगळे प्लॉट साडेपाच ते सहा, दुसऱ्यात निम्मे दोनच्या खाली आणि निम्मे नऊच्या वर. सरासरीवरून ती जुळी वाटतील. म्हणून सरासरीबरोबर पसारा सांगायचाच.

सोपं माप म्हणजे विस्तार: मोठ्यातून लहान वजा, ७.५ − १.० = ६.५ किलो. हे दोनच आकड्यांवर उभं असतं, म्हणून भरवशाचं नाही.

जास्त कामाचं माप प्रमाण विचलन. प्रत्येक आकड्यातून मध्य वजा करा, उत्तराचा वर्ग करा. ६.० साठी ०.३ चा वर्ग ०.०९; १.० साठी ४.७ चा वर्ग २२.०९. दहांची बेरीज २९.१ येते, आणि त्यातले २२ एकट्या नाल्याकाठच्या प्लॉटचे. बेरजेला ९ ने भागा: ३.२३, हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ १.८ किलो, हे प्रमाण विचलन. सर्वसाधारण प्लॉट सरासरीपासून ढोबळमानाने किती लांब असतो, ते यावरून कळतं.

दहा आकडे असताना ९ ने का भागलं? मध्य त्याच दहा आकड्यांतून काढलेला आहे, त्यामुळे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. मोकळे असतात ते नऊच. १० ने भागलं तर पसारा जरा कमीच दिसतो. स्प्रेडशीटमध्ये नमुन्याचं आणि समष्टीचं अशी दोन वेगळी सूत्रं असतात ती यासाठीच. हातात नमुना असेल तर नमुन्याचं घ्या.

पायरी ५: अंदाज किती हलू शकतो

नवशिके इथेच हमखास गोंधळतात, म्हणून सावकाश. प्रमाण विचलन प्लॉटांचा पसारा सांगतं. पण आपल्याला काळजी सरासरीची आहे. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या तर दुसरे दहा प्लॉट आले असते आणि सरासरी ५.७ ऐवजी ६.१ किंवा ५.२ आली असती. अशा न काढलेल्या सरासऱ्यांचा पसारा म्हणजे प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागा: १.८ भागिले ३.१६, म्हणजे ०.५७ किलो.

भाजक वर्गमुळाचा आहे हे लक्षात घ्या. त्रुटी निम्मी करायची तर प्लॉट दुप्पट नव्हे, चौपट लागतात, दहाचे चाळीस. एवढी माणसं आणि एवढे दिवस कुठून आणायचे? कापणीचे दिवस सगळीकडे एकदमच येतात.

आता विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी असं नमुन्यावरून म्हणता येतं ती मर्यादा. नमुना मोठा असेल तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या साधारण दुप्पट अंतर घेतात. दहाच आकडे असताना लहान नमुन्यांसाठीच्या तयार तक्त्यातून २.२६ हा गुणक येतो. ०.५७ गुणिले २.२६ म्हणजे सुमारे १.३. तेव्हा ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल ४.४ ते ७.० किलो, हेक्टरी सुमारे ८८० ते १,४०० किलो.

याचा अर्थ ‘९५ टक्के प्लॉट या मर्यादेत आहेत’ असा नाही. अशा रीतीने वारंवार नमुने काढून अंतराल मांडत गेलो, तर शंभरातल्या सुमारे ९५ अंतरालांत खरी सरासरी सापडेल, एवढाच. आणि आपला हिशेब जरा उदारच आहे. एका गावातले दोन प्लॉट एकमेकांसारखे असतात, त्यामुळे दहा प्लॉटांतून दहा स्वतंत्र बातम्या मिळत नाहीत. खरा अंतराल याहून रुंद असण्याची शक्यता जास्त.

पायरी ६: उंबरठा

उंबरठा उत्पादन असं ठरतं: गेल्या सात वर्षांतली सर्वाधिक उत्पादनाची पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि जोखीमस्तराने, म्हणजे योजनेत ठरवलेल्या टक्केवारीने, गुणायचं. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के आहे.

समजा सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन १,४००, १,२५०, ९००, १,५००, १,३५०, ६०० आणि १,३०० किलो होतं. ९०० आणि ६०० ही वाईट वर्षं गळाली. उरलेल्या पाचांची सरासरी १,३६०, तिचे ७० टक्के ९५२. सातही वर्षं धरली असती तर सरासरी सुमारे १,१८६ आणि उंबरठा ८३० झाला असता. टोकाचे आकडे आधीच गाळून काढलेली ही सरासरी आहे, आणि गाळणी शेतकऱ्याच्या बाजूने लावलेली आहे.

यंदाचं उत्पादन १,१४०. ते ९५२ च्या वर, म्हणून भरपाई शून्य. ते ७६० आलं असतं तर तूट १९२, म्हणजे उंबरठ्याच्या २०.२ टक्के, हेक्टरी विमा संरक्षित रक्कम (पूर्ण पीक गेलं तर मिळणारी) ५०,००० रुपये धरली तर सुमारे १०,०८४ रुपये मिळाले असते.

नाल्याकाठच्या शेतकऱ्याचं बघा. त्याच्या प्लॉटचा दर हेक्टरी २०० किलो. त्याचं नुकसान खरं, आणि मंडळाची सरासरीही बरोबर. योजनेचं एकक मंडळ आहे, शेत नाही; पहिल्या पायरीवर समष्टी ठरली तेव्हाच हे ठरलं होतं. ‘आकडे खोटे आहेत’ असं म्हणत तो तहसीलला गेला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. ‘एकक इतकं मोठं का?’ हा प्रश्न जास्त टोकदार आहे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आपला अंतराल ८८० ते १,४०० होता आणि ९५२ त्याच्या आत पडतं. म्हणजे मंडळाचं खरं उत्पादन उंबरठ्याच्या खाली असण्याची शक्यता या दहा प्लॉटांवरून नाकारता येत नाही. योजना मात्र १,१४० हा एकच आकडा बघते. व्यवहाराला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण प्लॉटांची संख्या आणि पसारा आकड्याशेजारी छापायला काहीच हरकत नसावी.

पायरी ७: बायस, म्हणजे नमुना वाढवूनही न जाणारी चूक

आतापर्यंतची चूक योगायोगाची होती, कधी वर कधी खाली. एकाच दिशेने होणारी चूक म्हणजे बायस. काटा प्रत्येक वेळी पाव किलो जास्त दाखवत असेल तर हजार प्लॉट कापूनही तो पाव किलो तसाच राहणार. ओल्या दाण्याचं वजन वाळलेलं म्हणून लिहिलं, तरी तेच.

याची गाजलेली कहाणी आपल्याच माणसाची आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसन, मग लंडन, मग दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम, आणि पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत. १९४० च्या दशकात पीक कापणीसाठी प्लॉट केवढा घ्यावा, यावर देशात वाद होता. कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान प्लॉटांकडे होता: एकेक प्लॉट लहान, काम झटपट, त्यामुळे जास्त ठिकाणं होतात. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष शेतात वेगवेगळ्या मापांचे प्लॉट कापून तुलना केली. लहान प्लॉट उत्पादन फुगवून दाखवत होते.

कारण दोरीवर आहे. दोरीला अगदी चिकटलेलं झाड आत की बाहेर? कापणारा बहुधा आत घेतो. १ मीटर बाय १ मीटरच्या प्लॉटला दर चौरस मीटरमागे ४ मीटर दोरी असते. १० बाय ५ च्या प्लॉटला फक्त ०.६ मीटर. प्लॉट जितका लहान तितकी दोरीवरची झाडं प्रमाणाने जास्त, आणि तेवढा अंदाज फुगतो. ठिकाणं वाढवल्याने प्रमाण त्रुटी कमी होते, ही चूक तशीच राहते. कुठल्याही सर्वेक्षणाची ‘आम्ही इतक्या लाख लोकांना विचारलं’ अशी जाहिरात दिसली की ही दोरी आठवा: किती जणांना विचारलं, त्याआधी कोण सुटलं आणि कोण आत ओढलं गेलं?

पायरी ८: तुलना

नवं वाण पाच प्लॉटांत ६.०, ६.५, ६.५, ७.०, ७.५ देतं, जुनं पाच प्लॉटांत ५.०, ५.५, ६.०, ६.०, ६.०. सरासऱ्या ६.७ आणि ५.७. फरक एक किलोचा, पण तो वाणाचा की योगायोगाचा?

‘दोन्ही वाणांत फरक नाही’ असं क्षणभर गृहीत धरा. ही शून्य परिकल्पना. मग नव्या-जुन्याच्या पाट्या निव्वळ योगायोगाने लागल्या असं समजायचं. दहा वजनं दहा चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, पाच काढा. पाच निवडण्याचे २५२ मार्ग आहेत. त्यांत नव्या वाणाला एवढा किंवा याहून मोठा फायदा दाखवणारे फक्त ४, कारण सर्वांत जड पाच चिठ्ठ्या नव्या वाणाकडे आल्या तरच हे घडतं, आणि ६.० च्या चार चिठ्ठ्यांपैकी कोणतीही एक त्यात चालते. ४ भागिले २५२ म्हणजे १.६ टक्के. हेच पी-मूल्य. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की शून्य परिकल्पना नाकारायची, असा रिवाज आहे. रिवाजच, निसर्गनियम नव्हे. ‘नवं वाण चांगलं असण्याची शक्यता ९८.४ टक्के’ असं मात्र म्हणू नका. आपण फरक नाही असं धरून हा हिशेब केला; वाण चांगलं असण्याची शक्यता काढलेलीच नाही.

एवढं करूनही नवं वाण काळ्या जमिनीत आणि जुनं माळावर पेरलेलं असेल तर सगळं वाया. म्हणून कोणत्या प्लॉटात कोणतं वाण, हेही चिठ्ठीनेच ठरवायचं.

सहसंबंधाबद्दल, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात याबद्दल, एकच सावधगिरी. पाऊस आणि उत्पादन यांचा सहसंबंध गुणांक −१ ते +१ मध्ये येतो, पण तो सरळ रेषेतलं नातं मोजतो. सोयाबीनला कमी पाऊस मारतो आणि जास्तही मारतो. अशा कमानीसारख्या नात्यात गुणांक शून्याजवळ येऊ शकतो, आणि ‘पावसाचा उत्पादनाशी संबंध नाही’ असं हास्यास्पद वाक्य अहवालात जाऊन बसतं. म्हणून गुणांक काढण्याआधी आलेखावर ठिपके मांडून बघा. आडव्या अक्षावर पाऊस, उभ्यावर उत्पादन, दर वर्षाचा एक ठिपका. सुरुवात आपल्याच मंडळाच्या सात-आठ वर्षांपासून करा, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी किती प्लॉटांवरून तो आला ते बारीक अक्षरात लिहा.